भरलेल्या दाताची कीड : एका शब्दाचा इतिहास

भरलेला दात पुन्हा किडला की ‘जुनी कीड आत राहिली असावी’ असे सहज म्हटले जाते. या समजुतीला शब्दाचाही आधार आहे. सुश्रुतसंहितेतील ‘कृमिदंतक’ काय किंवा मराठीतील ‘कीड’ काय, दोन्ही शब्द दातात दडलेला जीव सुचवितात. फ्रान्समध्ये फोशार याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात हा कृमी नाकारला. मुखातील सूक्ष्मजंतू पिष्ट व शर्करेपासून अम्ल निर्माण करतात आणि त्या अम्लाने दात विरघळतो, हे बर्लिन येथे मिलरने १८९० मध्ये मांडले. शब्द मात्र टिकून राहिला.

नवी कीड भरणाच्या कडेला लागते, हे अमेरिकेतील ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक याने अचूक हेरले होते. आपोआप स्वच्छ राहणाऱ्या भागापर्यंत ही कड न्यावी, मग त्यासाठी निरोगी दात कोरावा लागला तरी हरकत नाही, असे त्याने १८९१ पासून प्रतिपादिले. निरीक्षण खरे, उपाय मात्र दाताला महाग पडला. दोन दातांमधील हिरडीलगतची कड, जेथे जंतूंचा थर सर्वाधिक साचतो, ती किडतच राहिली. आणि प्रत्येक नव्या भरणाबरोबर दात आणखी कोरला गेला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संशोधकांनी या किडीला ‘पुन्हा उद्भवलेली’ म्हणण्यासच हरकत घेतली. ती बहुधा कडेशी नव्याने लागलेली कीडच असते. भरणाने खड्डा बुजतो. जंतूंचा थर आणि वारंवार खाल्ली जाणारी साखर तशीच राहते. उलट, चांदी-पाऱ्याच्या भरणाभोवतीचा करडा डाग पुष्कळदा कीड नसतोच; तरी तो पाहून चांगली भरणे उकरली गेली आहेत.