करवत लागलेलं मडगार्ड

धडधाकट गाडीच्या चाकावरचा पत्रा खडूने आखायचा आणि ग्राइंडर चालवून कापून टाकायचा, असं काम घेऊन कुणी आपल्याकडच्या डेंटरकडे गेलं तर तो आधी गिऱ्हाइकाचं तोंड बघेल. कॅलिफोर्नियात मात्र या उद्योगाला पन्नासहून जास्त वर्षं झाली. त्याला स्वतःची कसबं आहेत, दुकानं आहेत आणि भांडणंही आहेत.

मोटारींच्या पहिल्या पिढ्यांत कापायची गरजच नव्हती. मडगार्ड म्हणजे चाकावर धरलेलं पत्र्याचं पान. बोल्ट काढले की हातात. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर वेगाच्या शर्यती लावणारी पोरं वजन आणि वाऱ्याचा अडथळा कमी करायला मडगार्डं सरळ उतरवून ठेवत. दुसऱ्या महायुद्धानंतर गाड्यांचा घाट बदलला. मडगार्ड फुगत फुगत दारापर्यंत आलं, बॉडीत मिसळलं. मागचं तर बहुतेक गाड्यांत वेल्डच झालं. पूर्वी पान्याने सुटणाऱ्या गोष्टीला आता करवतीशिवाय इलाज उरला नाही. म्हणून या कुळकथेचा मूळपुरुष शोधायचा तर तो मला शर्यतीतल्या कुणा धाडसी ड्रायव्हरमध्ये दिसत नाही, कारखान्यातल्या वेल्डिंगच्या टाक्यात दिसतो.

करवत गाजली ती फोर्ड ब्रॉन्कोवर. १९६६च्या मॉडेलची ही गाडी आखूड, चौकोनी, पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम ९२ इंचांचं अंतर. पुढची मडगार्डं बोल्टची, पण मागचा पत्रा वेल्ड केलेला आणि त्यातली चाकाची कमान बुटकी. त्या काळच्या अरुंद टायरला ती पुरत होती. गाडी बाहामध्ये उतरली आणि पुरेनाशी झाली.

बाहा म्हणजे मेक्सिकोच्या वायव्य कोपऱ्यातून खाली लोंबणारा द्वीपकल्पाचा पट्टा. १९६७मध्ये तिथे तिहुआना ते ला पाझ अशी पहिली ‘मेक्सिकन १०००’ शर्यत झाली. विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी ती २७ तास ३८ मिनिटांत जिंकली. त्यांची गाडी होती मायर्स मँक्स, म्हणजे फोक्सवॅगनच्या सांगाड्यावर चढवलेली फायबरग्लासची बग्गी. ब्रूस मायर्सने तिच्या साच्यातच कमानी उंच आणि मोकळ्या ठेवल्या होत्या, त्यामुळे कापाकापीचा सवालच नव्हता. पत्र्याच्या गाड्यांना हे सुख नव्हतं.

मोठं टायर हवंच का, याचा हिशेब सोपा आहे. स्प्रिंगा उंच करून बॉडी कितीही वर नेली तरी अ‍ॅक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून तेवढाच राहतो आणि दगड लागतो तो त्यालाच. अ‍ॅक्सल वर उचलतं ते फक्त टायर. २८ इंचांच्या जागी ३३ इंचांचं घातलं की अ‍ॅक्सल अडीच इंच वर येतो. राहिलेले अडीच इंच चाकाच्या माथ्याकडून कमानीत घुसतात. त्यांना जागा द्यायचे मार्ग दोनच: गाडी उचला किंवा पत्रा कापा. उचललेली गाडी उतारावर कलंडायला बघते. शर्यतवाल्यांना बुटकी गाडी आणि मोठी चाकं दोन्ही हवी होती, म्हणून त्यांनी पत्र्याचा बळी दिला.

हे काम दुकानात मांडलं बिल स्ट्रॉपने. लाँग बीचचा हा कारागीर १९५०च्या दशकात मेक्सिकोच्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीसाठी लिंकन गाड्या तयार करायचा, नंतर फोर्डच्या ब्रॉन्को घडवू लागला. १९६९ची मेक्सिकन १००० लॅरी मायनर आणि रॉड हॉल यांनी ब्रॉन्कोवर जिंकली. १९७१ आणि १९७२मध्ये त्याच शर्यतीत स्ट्रॉपसोबत ड्रायव्हर पार्नेली जोन्सने ‘बिग ओली’ पळवली. ती नावाला ब्रॉन्को. आत नळ्यांचा सांगाडा, वर छपराला विमानासारखा पंख. १९७१पासून फोर्डच्या विक्रेत्यांकडेच ‘बाहा ब्रॉन्को’ मागवता येऊ लागली. तिच्या कमानी स्ट्रॉपच्या कारखान्यात कापलेल्या, त्यांवर टायर झाकणारी रुंद झालर बसवलेली, रंग लाल-निळा-पांढरा. जे आधी घरच्या अंगणात चालायचं त्याला आता कंपनीची पावती मिळू लागली.

कापणं दिसतं तेवढं सोपं नाही. टायर सरळ असताना सगळं बसतं. घासतं ते स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर आणि एक चाक दगडावर चढून दुसरं खड्ड्यात लोंबतं तेव्हा. जाणते कारागीर म्हणूनच स्प्रिंग काढतात, जॅकने चाक वरपर्यंत नेतात, फिरवून बघतात आणि मग खूण करतात. ब्रॉन्कोच्या मागे खरी मेख आहे. तिथे बाहेरचा पत्रा आणि आतली चाकाची पेटी असे दोन थर कमानीच्या कडेला जोडलेले असतात. कापलं की जोड तुटतो आणि मधल्या फटीत चिखल जातो. थर पुन्हा वेल्ड करून धारेवर प्रायमर मारला नाही तर पहिल्या पावसाळ्यात गंज धरतो. झालर रिव्हेटने बसवून वरून सुबक दिसणाऱ्या कितीतरी गाड्या आतून याच फटीने खाल्ल्या.

याच विद्येची दुसरी शाखा आइसलँडमध्ये फुटली, वाळूऐवजी बर्फावर. तिथे १९८०च्या दशकात जीपवाले हिमनद्यांवर ३८ आणि पुढे ४४ इंचांची टायरं घेऊन निघाले. हवा इतकी सोडायची की दोन-तीन पौंडच राहावी. टायर पसरतं आणि गाडी मऊ बर्फावर तरंगते. एवढ्या चाकांसाठी नुसती कड कापून भागत नाही. अ‍ॅक्सलही पुढे-मागे सरकवतात आणि टायर झाकणारी रुंद कमान नव्याने बांधतात. त्यांचं काम अमेरिकनांपेक्षा मला जास्त नेटकं वाटतं, कदाचित तिथे बिघडलेली गाडी ढकलत घरी आणता येत नाही म्हणून.

१९९०मध्ये टोयोटाच्या आइसलँडमधल्या विक्रेत्यांकडे सुरू झालेल्या कामातून ‘आर्क्टिक ट्रक्स’ उभी राहिली आणि इथे एक धागा गोव्यापर्यंत येतो. वास्कोच्या अंटार्क्टिक संशोधन केंद्राचे तेव्हाचे संचालक रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली भारताची आठ जणांची तुकडी अंटार्क्टिकातल्या भारताच्याच मैत्री केंद्रावरून निघाली आणि २२ नोव्हेंबर २०१०ला दक्षिण ध्रुवावर पोहोचली. त्यांच्या गाड्या याच कंपनीच्या होत्या.

कारखान्यांनीही अखेर धडा घेतला. २०२१च्या नव्या ब्रॉन्कोला ३५ इंचांची टायरं कंपनीतूनच मिळतात आणि चाकांवरच्या झालरी सहज सुटतात.

जुन्या ब्रॉन्कोचं मात्र उलटं झालं. पिढ्यान् पिढ्या कापल्यामुळे मूळ कमानीची गाडी दुर्मीळ झाली. आता जाहिरातीत ‘अनकट’ हा शब्द पहिल्या ओळीत येतो आणि भाव चढतो. कापलेल्या गाड्यांना नवे पत्रे वेल्ड करून बुटकी कमान परत बसवणारी दुकानं निघाली आहेत. अपवाद एकाच गाडीचा. स्ट्रॉपच्या कारखान्यातली अस्सल बाहा ब्रॉन्को कापलेलीच हवी; तिला कुणी नवा पत्रा लावला तर किंमत उतरते. म्हणून गिऱ्हाईक आधी कागद मागतं आणि मग कापलेल्या कमानीखाली वाकून बघतं.