डावा चेहरा, उजवे अंग

आपल्या दुसरबीडच्या बाजूला कोणाला 'वारं गेलं' असे कानांवर आले, की लुळा पडलेला हात आणि वाकडे झालेले तोंडच डोळ्यांपुढे उभे राहते. हात उचलतो आहे, मूठ वळते आहे, मग वारं कसले, असे घरचे म्हणतात. ज्या झटक्याची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत, त्यात हातापायांतले बळ बहुधा शाबूत असते. म्हणूनच तो फसवतो.

त्याची पहिली नीट नोंद झाली ती एका वैद्याच्याच आजारामुळे. जिनिव्हाचे गास्पार व्ह्यूसो यांना १८०८ च्या सुमारास भोवळ आली. आवाज घोगरा झाला, घास गिळवेना, उचकी लागली, डावी पापणी उतरली. सर्वांत नवल पुढेच आहे. चेहऱ्याची डावी बाजू बधिर झाली आणि मानेखाली मात्र उजव्या अंगाला ऊन-गार कळेना, टोचलेले दुखेना! एखाद्या गरीब शेतकऱ्याने असे सांगितले असते, तर त्याला भ्रम झाला म्हणून लोक मोकळे झाले असते. हे गृहस्थ स्वतः वैद्य, म्हणून त्यांचे ऐकले गेले. अलेक्झांडर मार्से यांनी ती हकीकत १८११ मध्ये लंडनच्या वैद्यकसभेच्या ग्रंथात छापली, तीही एक विलक्षण मज्जाविकार म्हणूनच.

उलगडा व्हायला १८९५ साल उजाडले. डान्झिगचे आडोल्फ वॉलेनबर्ग यांच्याकडे ३८ वर्षांचा असाच एक रुग्ण आला. मेंदू आणि पाठीचा कणा यांना जोडणारी, अंगठ्याएवढी लंबमज्जा. तिच्या कडेला डावीकडे दोष असला पाहिजे, असे त्यांनी ताडले. अंगावरून दुःख आणि उष्णता यांची वार्ता नेणारे तंतू कण्यातच बाजू बदलून वर येतात. चेहऱ्याचे तंतू तेथवर आपापल्याच बाजूने उतरतात. दोघांची गाठ या कडेला पडते. बळाचे तंतू पुढच्या अंगाने जातात, ते वाचतात. रुग्ण १८९९ मध्ये वारला. शवविच्छेदनात दोष त्याच जागी सापडला, हे वॉलेनबर्ग यांनी १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. आजाराला त्यांचे नाव मिळाले. ते स्वतः ज्यू, म्हणून १९३८ मध्ये त्यांना देशांतर करावे लागले. १९४९ साली ते अमेरिकेत वारले.

पाटाची एक चारी तुंबली की तेवढाच वाफा सुकतो, तसे हे आहे. वॉलेनबर्ग यांनी दोष लहान मेंदूकडे जाणाऱ्या एका फाट्याला दिला होता. मिलर फिशर यांनी १९६१ मध्ये दाखवले, की बहुतेकदा तुंबते ती मानेच्या मणक्यांतून चढणारी मुख्य वाहिनीच. उतारवयात रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर यांनी ती आतून अरुंद होते. तरुणांत मात्र मानेला हिसका बसून वाहिनीचे आतले अस्तर फाटते. दाढी झाल्यावर कडकड मान मोडून घेण्याची हौस आपल्याकडे पुष्कळांना आहे. क्वचित का होईना, तिनेही हे घडू शकते. आम्ही ती हौस सोडली आहे.

अचानक भोवळ, एका बाजूला झुकणारा तोल, घोगरा आवाज, थांबत नाही अशी उचकी, हे पित्त म्हणून घरात निजवून ठेवू नये. गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आतच देतात. आणि रुग्णाला गिळता येते की नाही हे डॉक्टरांनी पाहण्यापूर्वी, मायेपोटीसुद्धा, पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावू नये. ते पाणी श्वासनळीत उतरते.