सोडणे सोपे, काढणे अवघड

ब्रिटनमध्ये फरसाठी 1929 पासून पाळलेले अमेरिकी मिंक पिंजऱ्यांतून निसटले आणि नदीकाठच्या पाणउंदरांच्या मुळावर उठले. आपल्याकडे असे पाहुणे निसटले नाहीत, आपणच त्यांना मानाने आणले. हिवतापाच्या डासांवर उपाय म्हणून गँबुझिया मासा 1928 साली इटलीहून भारतात आला, तर खाद्य म्हणून मोझांबिकचा तिलापिया 1952 साली. हेतू वाईट नव्हते. पण गँबुझिया डासांच्या अळ्यांबरोबर देशी माशांची अंडी आणि बेडकांची पिल्लेही खातो. परदेशी मांगूर माशावर केंद्राने 2000 साली बंदी घातली, तरी महाराष्ट्रात त्याची चोरटी शेती सुरूच राहिली. बंदीने शेततळे रिकामे करता येते, नदी नाही.

रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न अधिक नाजूक आहे. तळगडावर पाण्याची टाकी आहेत, पावसाळ्यात ओढे भरभरून वाहतात आणि पाणी अखेर मांदाडच्या खाडीकडे जाते. वर सोडलेला मासा वरच राहील, याची हमी कोण देणार? डेंग्यू रोखायला गप्पी मासे हवेतच, असे कुणी म्हणेल. घराजवळच्या बंद टाकीपुरते ते परदेशी मासे मान्य. ओढ्यात मात्र डासांच्या अळ्या खाणारा पट्टेदार अ‍ॅप्लोकायलस हा देशी मासा आधीपासून आहे. त्याला वाऱ्यावर सोडून परक्याला आवतण देण्यात शहाणपण नाही. तेव्हा ग्रामपंचायतींनी वाहत्या पाण्यात गप्पी सोडणे थांबवावे.