साल्सा : डेबियनची समाईक लॉगिन-व्यवस्था

साल्सा : डेबियन प्रकल्पाचा कोड जिथे ठेवला जातो तो सर्व्हर, आणि त्याच प्रकल्पाच्या अनेक संकेतस्थळांना वापरकर्त्याची ओळख पटवून देणारी व्यवस्था. डेबियन ही इयन मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेली, स्वयंसेवकांच्या बळावर चालणारी मुक्त संगणकप्रणाली. साल्सा गिटलॅब या सॉफ्टवेअरवर चालते. २०१८ साली तिने अलिओथ या जुन्या सर्व्हरची जागा घेतली ती कोड सांभाळण्यासाठी. लॉगिनचे काम तिच्याकडे नंतर आले, आणि त्यामागे ब्राउझरमधल्या एका बदलाचा मोठा हात होता.

डेबियनच्या आधीच्या एकल लॉगिन सेवेत संकेतस्थळे माणसाला ओळखत ती त्याच्या ब्राउझरमध्ये बसवलेल्या प्रमाणपत्रावरून. त्यासाठी लागणारी किल्ल्यांची जोडी ब्राउझरच तयार करी. एचटीएमएलमध्ये ‘कीजेन’ नावाचा घटक होता तो याचसाठी. क्रोमने २०१७ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये तो काढून टाकला. मग टर्मिनल उघडून ओपनएसएसएलच्या आज्ञांनी किल्ली बनवायची, प्रमाणपत्र हाताने ब्राउझरमध्ये घालायचे, मुदत संपली की पुन्हा तेच करायचे, एवढाच मार्ग उरला. प्रकल्पात नुकतेच पाऊल टाकणाऱ्या माणसावर हा भार टाकणे अन्यायाचे होते. साल्सावर मात्र बहुतेक योगदानकर्त्यांची खाती आधीपासूनच होती आणि इतरांना ओळख पुरवण्याची सोय गिटलॅबमध्ये तयारच होती. २०२० च्या सुमारास नव्या सदस्यांची प्रक्रिया चालवणाऱ्या संकेतस्थळाने साल्साचे लॉगिन स्वीकारले.

ही सोय दोन मानकांवर उभी आहे. ऑक्टोबर २०१२ मधले ओऑथ २.० हे परवानगी देण्याघेण्याचे मानक आहे. समोर कोण आहे हे सांगणे त्याचे काम नाही. ती उणीव फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या ओपनआयडी कनेक्टने भरून काढली. लॉगिन मागणारे संकेतस्थळ आधी साल्सावर नोंदवावे लागते. नोंदणीत त्याला एक ओळखक्रमांक आणि एक गुप्त किल्ली मिळते, आणि वापरकर्त्याला परत कोणत्या पत्त्यावर पाठवायचे तेही तेव्हाच ठरते. वापरकर्त्याने ‘लॉगिन’ दाबले की तो साल्साच्या पानावर पोचतो. पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा आकडा तो तिथेच देतो. मूळ संकेतस्थळाला यातले काहीच दिसत नाही. अमुक सेवेला तुमची माहिती द्यायची का, असे साल्सा विचारते. होकार मिळाला की ठरलेल्या पत्त्यावर एक अल्पजीवी कोड जातो. तो फार तर दहा मिनिटे चालावा, अशी मानकाची शिफारस आहे. संकेतस्थळाचा सर्व्हर हा कोड आणि आपली गुप्त किल्ली साल्साला परस्पर दाखवतो आणि सहीशिक्क्याचे ओळखटोकन घेतो.

त्या टोकनातली सर्वांत मोलाची नोंद म्हणजे ‘सब’, म्हणजे खात्याचा अंतर्गत क्रमांक. संकेतस्थळाने माणूस लक्षात ठेवायचा तो याच क्रमांकावर. वापरकर्तानावावर नव्हे आणि ईमेलवरही नव्हे. साल्साचाच इतिहास याचे कारण दाखवतो. सुरुवातीला डेबियनचे अधिकृत विकसक नसलेल्यांना आपल्या नावाच्या शेवटी ‘-गेस्ट’ जोडावे लागे, म्हणजे विकसकांच्या नावांशी गोंधळ होत नसे. ही अट नंतर गेली. पण असा पाहुणा पुढे विकसक झाला की त्याचे नाव बदलणार, हे उघड आहे. ज्या सेवेने नावावर भिस्त ठेवली तिच्या दृष्टीने हा अनोळखी माणूस ठरतो आणि त्याचे आधीचे सारे काम परक्याच्या नावावर राहते. याहून गंभीर धोका म्हणजे सोडलेले नाव दुसऱ्या कुणी घेतले तर त्याला आयता प्रवेश मिळतो.

साल्सावर विकसक नसलेल्यांनाही खाते उघडता येते, त्यामुळे लॉगिन झाले म्हणजे अधिकार मिळाला असे नाही. आधार कार्डाने ओळख पटते. त्यावरून कुणी सोसायटीचा सभासद ठरत नाही. विकसकांपुरत्या सेवेने ती व्यक्ती साल्सावरच्या ‘डेबियन’ गटात आहे का, हे वेगळे तपासलेच पाहिजे.

परवानगी मागतानाही हात आखडता हवा. लॉगिनला ‘ओपनआयडी’ आणि फार तर ‘प्रोफाइल’, ‘ईमेल’ एवढ्या परवानग्या पुरतात. ‘एपीआय’ ही परवानगी मागणारी सेवा वापरकर्त्याच्या कोडापर्यंत पोचते. एप्रिल २०२२ मध्ये हेरोकू आणि ट्रॅव्हिस सीआय या सेवांना दिलेली ओऑथ टोकने चोरून गिटहब या कोड ठेवण्याच्या सेवेवरच्या अनेक संस्थांचा खासगी कोड उतरवून घेण्यात आला होता.

गिटहबच्या खात्यानेही इतरत्र लॉगिन करता येते, पण तिथे माणसांसाठी फक्त ओऑथ आहे. ओपनआयडी कनेक्टची टोकने गिटहब ॲक्शन्समधल्या स्वयंचलित कामांना मिळतात. गिटी आणि फोर्जेजो ही स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची सॉफ्टवेअरे गिटलॅबप्रमाणेच ओळख पुरवू शकतात.

एकाच दारावर अवलंबून राहण्याची किंमतही आहे. साल्सा बंद पडली की तिच्या भरवशावरच्या सगळ्या सेवांचे नवे लॉगिन थांबते. एका सेवेतून बाहेर पडले तरी साल्सावरचे सत्र चालूच राहते; सामायिक संगणकावर ते वेगळे बंद करावे लागते. खाते गोठवले तरी इतर सेवांवर आधीच उघडलेली सत्रे आपोआप मिटत नाहीत. त्यासाठी प्रत्येक सेवेने सत्राची मुदत आखूड ठेवावी आणि ती संपली की साल्साला पुन्हा विचारावे.