स्कॅन वाढले, आयुष्य नाही

कॅन्सर लवकर सापडला की बरा होतो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. मग स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यावर दर सहा महिन्यांनी सगळं अंग तपासून घ्यावं, हे ओघानंच आलं. १९८०च्या दशकात बरेच डॉक्टर तेच करायचे. छातीचा एक्स-रे, हाडांचा स्कॅन, यकृताची सोनोग्राफी... तर्क बिनतोड. पण खरा की खोटा?

तो पडताळला इटलीतल्या डॉक्टरांनी. रोस्सेली देल तुर्को आणि सहकाऱ्यांनी १,२४३ बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी दोघांनाही. एका गटाला शिवाय दर सहा महिन्यांनी एक्स-रे आणि हाडांचा स्कॅन. 'गिव्हिओ' या दुसऱ्या गटाने १,३२० बायकांवर असाच अभ्यास केला. दोन्ही निकाल १९९४ साली 'जामा' या अमेरिकन नियतकालिकात आले. गिव्हिओत जादा तपासण्यांच्या गटात मृत्यू २० टक्के, साध्या गटात १८. म्हणजे फरक नाहीच! देल तुर्कोंच्या अभ्यासात पसरलेला कॅन्सर लवकर सापडला खरा, पण आयुष्य वाढलं नाही. १९९९ साली दहा वर्षांचा हिशोब आला, तोही तसाच.

असं कसं? समजा, कल्याण लोकलचं घड्याळ तुम्ही ठाण्याऐवजी दादरला सुरू केलंत. प्रवास लांबलेला दिसेल, पण गाडी कल्याणला पोचणार त्याच वेळी. हाडात किंवा फुप्फुसात पसरलेला कॅन्सर सहसा आटोक्यात ठेवता येतो, मुळापासून जात नाही. मॅमोग्राफीचं तसं नाही. स्तनात नव्याने आलेली गाठ वेळीच सापडली तर बरी होऊ शकते.

म्हणून १९९७ साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, 'ॲस्को'ने, सांगितलं की मॅमोग्राफी करा, लक्षणं नसताना बाकीचे स्कॅन नकोत. २०१२ साली पेट आणि सीटी स्कॅनबद्दलही तेच बजावलं. पुढे ब्रिटनमधल्या 'मॅमो-५०' अभ्यासात पन्नाशीपुढच्या ५,२३५ बायका होत्या. शस्त्रक्रियेनंतर तीन वर्षं निर्धोक गेल्यावर मॅमोग्राफीसुद्धा दरवर्षी न करता दोन-तीन वर्षांनी केली तरी बिघडलं नाही, असं २०२३ साली दिसलं.

आता हेही खरं की इटलीतले अभ्यास जुन्या यंत्रांचे आणि जुन्या औषधांचे. नव्या औषधांनी गणित बदलेलही, पण तेही असंच पडताळून घ्यावं लागेल.

असो. हाड सतत दुखतंय, धाप लागतेय, नवी गाठ लागतेय, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. पण काही होत नसताना कुणी 'मनाच्या समाधानासाठी' स्कॅन सुचवला, तर एवढंच विचारा : यात काही दिसलं, तर माझे उपचार बदलतील का?