घरगुती बहुमार्गी ध्वनिग्राही

घरगुती बहुमार्गी ध्वनिग्राही : चित्रपटगृहात सर्व बाजूंनी ऐकू येणाऱ्या ध्वनीचा परिणाम घरातील खोलीत साधण्यासाठी वापरण्यात येणारे विद्युत् उपकरण. व्यापारात त्यास होम थिएटर रिसिव्हर किंवा एव्ही रिसिव्हर म्हणतात. सर्वसाधारण बोलण्यात ‘होम थिएटर’ म्हणजे ध्वनिक्षेपकांसह सगळा संच आणि ग्राही म्हणजे नुसता ‘ॲम्प्लिफायर’. ग्राही हे नाव रेडिओवरून आलेले आहे. नभोवाणीचे संकेत ग्रहण करणारा ट्यूनर व विवर्धक ही दोन अंगे एकाच पेटीत बसवून अमेरिकेतील हार्मन कार्डन ह्या संस्थेने १९५४ मध्ये फेस्टिव्हल डी-१००० हे उपकरण विक्रीस आणले. आजच्या ग्राहीत रेडिओचे अंग गौण झाले असून निरनिराळ्या साधनांकडून आलेल्या संकेतांपैकी हवा तो निवडणे, त्यातील ध्वनिमार्ग वेगळे करणे, प्रत्येकाचे विवर्धन करणे आणि खर्जाचा भाग सबवूफरकडे वळविणे ही त्याची मुख्य कामे होत.

पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्याचा अशा उपकरणांशी उत्पादक व ग्राहक असा दुहेरी संबंध आला. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. फिलिप्स कंपनीने १९५९ मध्ये पुण्याजवळ आपला भारतातील दुसरा रेडिओ कारखाना काढला (पहिला कलकत्त्यात १९४८ पासून चालू होता) आणि १९७० मध्ये पिंपरी येथे घरगुती इलेक्ट्रॉनिकी वस्तूंचे उत्पादन सुरू केले. कारखान्यांत काम करणाऱ्यांची वस्ती आजूबाजूच्या गावांत पसरत गेली. पवना नदीपलीकडे पिंपरीसमोर असलेली काळेवाडी ही त्यांपैकीच एक. लहान भूखंडांवर एकास एक लागून बांधलेली घरे, सामाईक भिंती आणि दहा बाय बारा फुटांची बाहेरची खोली हे येथील घराचे नेहमीचे रूप. ध्वनिग्राहीच्या निवडीचा विचार करताना ह्या खोलीचा विसर पडून चालत नाही. उपकरणे बनविणारे मात्र बहुधा ह्याहून मोठी खोली गृहीत धरतात.

ह्या पट्ट्यातील घरांत ध्वनीचे जे साधन प्रथम आले ते रेडिओ. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. फिलिप्स, ठाण्याला तयार होणारा मर्फी, बुश हे संच त्या काळी घरातील प्रतिष्ठेची वस्तू असत. त्यांवर विणलेले आच्छादन असे आणि त्यांचा परवाना टपाल कार्यालयात नूतनीकरण करून घ्यावा लागे. परवान्याची ही पद्धत १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास बंद झाली. १९७० नंतर दोन ध्वनिक्षेपकांचे स्टीरिओ संच मिळू लागले, तरी मध्यम लहरींवरील प्रक्षेपण एकमार्गीच होते. दोन पेट्यांतून एकच ध्वनी ऐकू येई व स्टीरिओचा खरा अनुभव ध्वनिमुद्रिका किंवा कॅसेट लावल्यावरच मिळे. साधन आधी घेतले जाते आणि त्याला साजेसा ध्वनी मागाहून येतो, हा प्रकार पुढेही वारंवार घडलेला आढळतो.

सभोवार ध्वनीचा उगम चित्रपटगृहातील आहे. वॉल्ट डिझ्नी ह्यांच्या फँटेझिया (१९४०) ह्या चित्रपटासाठी बहुमार्गी ध्वनीची खास योजना करण्यात आली होती. परंतु ती फार खर्चिक ठरली. द रोब (१९५३) ह्या सिनेमास्कोप चित्रपटाच्या प्रतीवर चार चुंबकीय ध्वनिपट्टे होते. भारतात शोले (१९७५) हा चित्रपट ७० मिमी. व स्टीरिओ ध्वनीसह प्रदर्शित झाला. तशी सोय असलेली चित्रपटगृहे थोडी असल्याने ३५ मिमी. प्रतीही काढाव्या लागल्या. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला आणि घरबसल्या असा आवाज ऐकावा ही इच्छा अनेकांच्या मनात प्रथम त्यानेच निर्माण केली असावी.

चित्रपटगृहांतील पुढील प्रगती रे डॉल्बी ह्या अमेरिकन अभियंत्याच्या नावाशी निगडित आहे. १९६३ ते १९६५ ह्या काळात ते संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. येथून परतल्यावर १९६५ मध्ये त्यांनी लंडनला आपली प्रयोगशाळा स्थापन केली. ध्वनिमुद्रणातील खरखर कमी करणे हे तिचे मूळ काम होते. महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ हा शब्द मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला लावला जातो, हा शब्दाचा विलक्षण प्रवास म्हटला पाहिजे. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव येथे गोंगाटालाच मिळाले.

१९७० नंतरच्या दशकात ह्या प्रयोगशाळेने डावा, मधला, उजवा व मागील असे चार मार्ग दोनच ध्वनिपट्ट्यांत मिसळण्याची पद्धत प्रचारात आणली. मागील मार्गाचा ध्वनी दोन पट्ट्यांत परस्परविरुद्ध कलांनी घातला जाई व ऐकताना तो वजाबाकीने वेगळा काढता येई. ह्या पद्धतीचे घरगुती रूप १९८२ मध्ये आले आणि मधला मार्गही वेगळा काढणारे प्रो लॉजिक १९८७ मध्ये आले. त्यात मागील दोन ध्वनिक्षेपकांना एकच संकेत मिळे आणि त्यातील ७,००० हर्ट्‌झच्या वरील कंप्रता गाळलेल्या असत. मार्ग मुळातच वेगळे ठेवणारी अंकीय पद्धत बॅटमॅन रिटर्न्स (१९९२) ह्या चित्रपटाच्या वेळी आणि तिची प्रतिस्पर्धी डीटीएस पद्धत ज्युरासिक पार्क (१९९३) च्या वेळी प्रेक्षकांसमोर आली. ५.१ ह्या संख्येतील पाच म्हणजे पूर्ण पट्ट्याचे मार्ग व .१ म्हणजे केवळ १२० हर्ट्‌झपर्यंतचा खर्जमार्ग होय. भारतात १९४२ : अ लव्ह स्टोरी (१९९४) ह्या चित्रपटासाठी डॉल्बी स्टीरिओ पद्धत वापरण्यात आली.

१९९१ च्या आर्थिक धोरणानंतर परदेशी बनावटीचे संच बाजारात वाढले आणि पुण्याच्या बुधवार पेठेत सुटे भाग घेऊन स्थानिक कारागीर स्वस्त संचही जुळवू लागले. काळेवाडीसारख्या वस्तीत पाच ध्वनिक्षेपकांचा संच पोहोचला तो बव्हंशी ह्याच काळात. परंतु घरोघरी चित्रपट पाहिले जात ते केबलवर किंवा व्हीसीडीवर आणि व्हीसीडीवरील ध्वनी दोनच मार्गांचा असे. मागील पेट्या गप्प राहत, किंवा विक्रेता पुढचाच आवाज थोडा उशिराने मागे सोडून देई व ग्राहकाला तोच सभोवार ध्वनी वाटे. खऱ्या अंकीय पाच मार्गांसाठी डीव्हीडीची वाट पाहावी लागली. डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या अखेरीस विक्रीस आली होती; येथे ती सर्वसामान्यांच्या आवाक्यात यावयास आणखी काही वर्षे लागली. ती येऊन स्थिरावते न स्थिरावते तोच २००६ मध्ये फिलिप्सचा पिंपरी येथील कारखाना बंद झाला. संच घरात आले, पण ते बनविण्याचे काम ह्या पट्ट्यातून गेले.

खरेदीदाराची सर्वांत मोठी फसगत शक्तीच्या आकड्याने झाली. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॉट छापलेले असत. हा आकडा क्षणिक कमाल शक्तीचा, तोही कोणत्याही मान्य मोजणीशिवाय काढलेला असे. त्याची पारख करणे अवघड नव्हते. घरातील ५ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १,१५० वॉट मिळतात. त्याहून अधिक शक्ती संच सतत देईल, हे शक्य नाही. संचाच्या पाठीमागील पट्टीवर वीजवापर लिहिलेला असतो. तो ८० वॉट असेल तर ध्वनिरूपाने त्याहून कमीच बाहेर पडणार. स्थानिक जुळणीत पुष्कळ वापरल्या गेलेल्या टीडीए २०३० ह्या एकीकृत मंडलाची क्षमता सुमारे १४ वॉट आहे. असे पाच बसवून तयार झालेल्या पेटीवर चार आकडी संख्या लिहिण्याला काही आधार नव्हता. महिन्याच्या पगारातून हप्ता भरणाऱ्या माणसाने ह्या आकड्यासाठी पैसे मोजावे, ही गोष्ट अन्यायाचीच होती.

वस्तुतः लहान खोलीत शक्तीची गरज थोडी असते. एक वॉट शक्तीने एक मीटरवर ८८ डेसिबेल देणारा सामान्य ध्वनिक्षेपक अडीच मीटरवर सुमारे ८० डेसिबेल देतो व दहा वॉटला ९०. शक्ती दुप्पट केल्याने फक्त ३ डेसिबेल वाढतात. खोलीचा परिणाम ह्याहून मोठा असतो. ३·६ मी. लांबीच्या खोलीत सुमारे ४८ हर्ट्‌झ व ३ मी. रुंदीत सुमारे ५७ हर्ट्‌झ ह्या कंप्रतांवर भिंतींमध्ये स्थिर तरंग निर्माण होऊन खर्ज एका कोपऱ्यात घुमतो व दुसरीकडे नाहीसा होतो. सबवूफर कोपऱ्यातून थोडा सरकविल्यास जो फरक पडतो तो महाग ग्राहीनेही पडत नाही. सामाईक भिंतीतून पलीकडे जातो तोही मुख्यतः हाच खर्ज. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा असून खाजगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज तिच्या हद्दीवर ह्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबेलहून अधिक वाढता कामा नये.

ह्या कारणांनी अशा खोलीसाठी सात किंवा नऊ मार्गांचा ग्राही घेण्यापेक्षा तीन पुढील व दोन मागील चांगले ध्वनिक्षेपक घेणे श्रेयस्कर ठरते. जागा नसेल तर पुढील तीनच पुरेत. संवाद मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात, म्हणून काटकसर तेथे करू नये. ध्वनिक्षेपकाचा संरोध ग्राहीला चालणारा (बहुधा ६ ते ८ ओहम) असावा. ४ ओहमचे जोडल्यास स्वस्त ग्राही तापून बंद पडतो. परदेशातून नातेवाइकांनी आणलेला ११० व्होल्टचा संच रोहित्राशिवाय लावल्यास जळतो. केबलची तार जोडताच गुणगुण सुरू झाली, तर दोष ग्राहीचा नसून बहुधा दोन ठिकाणच्या भूसंपर्कांतील फरकाचा असतो.

२०१२ पासून छतावरील मार्गांची ॲटमॉस पद्धत आली आहे. पत्र्याच्या किंवा ठेंगण्या छताखाली तिचा लाभ अल्पच. जोडणीच्या बाबतीत मात्र ग्राही लवकर कालबाह्य होतो. एचडीएमआय जोडणी २००२ मध्ये निश्चित झाली, दूरचित्रवाणीकडून ध्वनी परत आणणारा एआरसी मार्ग २००९ मध्ये व त्याचे सुधारित रूप २०१७ मध्ये आले. ज्या ग्राहीत ही सोय नाही त्याचे विवर्धक अजून चांगले असले तरी बाजारात त्याची किंमत फार उतरते. असे ग्राही पुण्याच्या जुन्या बाजारात मिळतात आणि दोन ध्वनिक्षेपकांवर गाणी ऐकण्यासाठी आणखी अनेक वर्षे उपयोगी पडतात.