कुंभकोणमची वाट : छत्र आणि आगगाडी

उन्हाळी सहल म्हटली की आपले मन माथेरान-महाबळेश्वरकडे धावते. कावेरीच्या सपाट प्रदेशात डोंगर नाहीत. तेथे गारवा शोधायचा तो तळ्याकाठी. कुंभकोणम हे नगर कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमध्ये वसले आहे. गावाच्या मध्यभागी महामहम् हे विस्तीर्ण तळे असून त्याच्या काठी सोळा मंडप आहेत. ते नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी उभारले, असे मानतात. दर बारा वर्षांनी येथे पर्वस्नान होते. २०१६ साली ते झाले. या तळ्याकडे येणाऱ्या वाटसरूची सोय कोणी केली आणि तीत कोणाला जागा मिळाली, हा इतिहासाचा एक उद्बोधक प्रश्न आहे.

आगगाडीपूर्वी यात्रा पायी होई. तंजावरच्या मराठी राजांनी रामेश्वराच्या वाटेवर जागोजाग छत्रे बांधली. १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजी राजांच्या हातून राज्यकारभार गेला. तरीही १८०१ साली इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहून त्यांनी या छत्रांची बाजू मांडली. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना अन्न मिळते आणि आजाऱ्यांना औषधपाणी होते, असे त्यांनी कळविले. राज्य गेलेल्या राजाने अन्नछत्रासाठी धरलेला हा आग्रह मोलाचा आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले.

त्या पायवाटेवर माणसामागे कुत्राही चाले. त्याला तिकीट लागत नसे. कुत्र्यावाचून स्वर्ग नाकारणारा युधिष्ठिर आपल्या परिचयाचा आहेच. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीस आजही दाखवितात.

नागपट्टणहून निघालेला लोहमार्ग १८६२ पर्यंत त्रिचनापल्लीस पोचला. १८७४ साली दक्षिण भारत रेल्वे स्थापन झाली आणि पुढे मद्रास-तंजावर मार्गावर कुंभकोणमही आले. चार-आठ दिवसांची पायपीट काही तासांवर आली. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया, तुटपुंज्या मिळकतीचे शेतकरी, सारे पर्वस्नानास येऊ लागले. हा उपकार थोडा नव्हे. परंतु गाडीने जशी वाट सोपी केली, तशी माणसांची वर्गवारीही केली. बाकावर खेटून बसलेले उतारू स्थानकावर उतरले की जेवायला वेगवेगळ्या दालनांत जात. ब्राह्मण आणि ब्राह्मणेतर यांच्यासाठी उपाहारगृहांत निराळ्या जागा असत. पेरियार यांच्या पक्षाने याविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा कुठे १९४१ साली हा भेद संपला. राजाच्या पत्रात सर्वांसाठी मांडलेली पंगत रेल्वेच्या फलाटावर यायला एकशेचाळीस वर्षे लागली!

या क्रमात कुत्र्याचे स्थान सर्वांत शेवटी. आजही पहिल्या वर्गाची स्वतंत्र खोली राखून ठेवता आली तरच त्याला धन्याबरोबर बसता येते. एरवी गार्डाच्या डब्यातील पेटी हेच त्याचे आसन. उन्हाळ्यात त्या पेटीत तो किती तळमळत असेल, हे सांगायला नको. म्हणून कुत्रा घेऊन निघणाऱ्याने पहाटेची गाडी पाहावी, जवळचे ठिकाण निवडावे आणि त्याच्यासाठी पाण्याचे भांडे विसरू नये. दारासुरमचे ऐरावतेश्वराचे मंदिर कुंभकोणमपासून जेमतेम चार किलोमीटरवर आहे. तेथवर तर पहाटे पायीही जाता येते.

मीटरमापी रूळ या मार्गावरून आता गेले. त्यांच्या जागी रुंद रूळ आले. जुन्या धाटणीची वाफेची गाडी पाहायची तर नीलगिरीच्या चढावर जावे लागते. कुंभकोणमात तळे तेवढे जागेवर आहे. २०२८ साली पुन्हा पर्व येईल आणि लाखो माणसे गाड्यांनी उतरतील. १९९२ च्या पर्वात येथे चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे प्राण गेले, हे त्या वेळी ध्यानात असावे. गाड्या किती सोडल्या एवढ्यावरून यात्रेची व्यवस्था जोखता येत नाही. उतरलेल्या प्रत्येकाला सावली, पाणी, अन्न आणि सुखरूप परतीची वाट मिळाली का, हे पाहावे लागते. सरफोजींच्या छत्रांनी हीच कसोटी लावली होती.